गेवराईचा रिकामा रकाना

एसक्यूएल लिहिणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट नोकरीच्या पहिल्याच वर्षात कळते. दोन टेबलं साध्या जॉइननं जोडली की ज्यांची जोडी जमली तेवढ्याच ओळी दिसतात. ज्याची जोडी जमली नाही ती ओळ गुपचूप गळते. एरर नाही, वॉर्निंग नाही, रिपोर्ट एकदम गुळगुळीत. काय गळालं ते बघायचं असेल तर लेफ्ट जॉइन लावावा लागतो. मग डावीकडच्या सगळ्या ओळी जागेवर राहतात आणि उजवीकडे जिथे काहीच सापडलं नाही तिथे 'नल' दिसतो. याच्याच जोडीनं दुसरी गोष्ट कळते (ही जरा मार खाऊन कळते): नल म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे मोजलंच नाही.

हे सगळं आज आठवायचं कारण हृदयरोग. म्हणजे हृदयरोगावरच्या संशोधनाला पैसा देणारी मंडळी.

आपल्या देशात या संशोधनाला पैसा देणारे एक-दोन नाहीत, डझनांनी आहेत. सरकारी आहेत, परदेशी आहेत, ट्रस्ट आहेत, औषध कंपन्या आहेत, सीएसआरवाले आहेत. प्रत्येकाकडे आपापली यादी आहे: कोणाला दिले, किती दिले, कशासाठी दिले. या याद्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत. त्यामुळे बीड जिल्ह्यातल्या गेवराईसारख्या तालुक्याची ओळ गळते, आणि ती गळाली हे कुणालाच दिसत नाही. वर आपण त्या रिकाम्या रकान्याला शून्य समजून मोकळे होतो. 'तिकडे काय, कष्टाची माणसं, त्यांना कुठला हार्टचा त्रास!'

डेटा शेअरिंग म्हटलं की आपल्याकडे गाडी लगेच पेशंटच्या डेटावर जाते. प्रायव्हसी, संमती, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा वगैरे. ते सगळं महत्त्वाचं आहेच. पण त्याच्या कितीतरी आधीची, सोपी आणि कोणाचंही गुपित न फोडणारी एक गोष्ट आहे: पैसा देणाऱ्यांनी आपापल्या अनुदानांची यादी एकमेकांना आणि आपल्याला दाखवणं. ती का होत नाही आणि झाली तर काय होईल, यावर आजचं लिखाण.

तुमचा-माझा संबंध काय?

कंपनीच्या वार्षिक हेल्थ चेकअपच्या रिपोर्टात कधीकधी शेवटच्या पानावर एक टक्केवारी असते, पुढच्या दहा वर्षांत हार्ट अटॅकचा धोका इतका इतका. आपण ती बघतो, दोन दिवस लिफ्ट सोडून जिना चढतो आणि विसरतो. असो. पण अशा गणितांचं मूळ आहे फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं हे गाव. १९४८ साली तिथल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद घ्यायला सुरुवात झाली आणि दर दोन वर्षांनी तपासणी होत राहिली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगरेट हे हृदयाचे शत्रू आहेत हे आज शाळेतलं पोरगंही सांगतं, ते बऱ्याच अंशी या गावामुळे. 'रिस्क फॅक्टर' हा शब्दप्रयोग १९६१ साली याच अभ्यासातून रुळला.

त्या अभ्यासातली माणसं जवळपास सगळी गोरी होती. आपलं हृदय तसंच वागेल याची खात्री काय? थोडी उत्तरं मिळालीत. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासातून २००७ साली जे आकडे आले त्यांनुसार दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला हार्ट अटॅक येण्याचं सरासरी वय ५३ होतं, तर इतर देशांत ५८.८. म्हणजे आपण जवळजवळ सहा वर्षं आधी रांगेत. अडतीस-चाळीसच्या आसपास असलेल्या आणि दिवसाला दहा तास खुर्चीत बसणाऱ्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचायला हरकत नाही.

फ्रॅमिंगहॅमचा डेटा जगभरच्या संशोधकांना मिळू शकला याचं मुख्य कारण तंत्रज्ञान नव्हतं. पैसा सरकारी होता आणि पैसा देणाऱ्यानं पुढे अट घातली. २००० साली याच डेटावर एक खासगी कंपनी काढायचा घाट घातला गेला होता, तो डेटा कोणाला किती मिळणार या वादातच त्याच वर्षी बारगळला. आज अमेरिकेच्या एनआयएचकडे अर्ज करायचा तर जानेवारी २०२३ पासून अर्जासोबत 'आम्ही डेटा कसा सांभाळू आणि कसा वाटू' याचा आराखडा द्यावा लागतो. संशोधकाला प्रवचन देऊन हे झालं नसतं. चेक लिहिणाऱ्यानं सांगितलं म्हणून झालं.

आपल्याकडे चेक कोण लिहितं?

आयसीएमआर आहे. केंद्राचा बायोटेक्नॉलॉजी विभाग आहे. विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचं जे अनुदान मंडळ होतं, ते आता २०२३ च्या कायद्यानं आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये गेलंय. बायोटेक्नॉलॉजी विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांची मिळून २००८ पासूनची इंडिया अलायन्स आहे. अमेरिकेची राष्ट्रीय हृदय संस्था, म्हणजे एनएचएलबीआय, इथे पैसा देत आलीय. टाटा ट्रस्ट्ससारखे ट्रस्ट आहेत. औषध कंपन्या तर आहेतच.

आणि यातून चांगली कामं झालीत, हे आधी सांगायला हवं. काही उदाहरणं:

आयसीएमआर-इंडियाब. देशभरातल्या १,१३,०४३ लोकांची तपासणी, निष्कर्ष २०२३ साली आले. ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब. पहिल्याच टप्प्यात महाराष्ट्र होता.

पुण्याच्या केईएमचा मातृपोषण अभ्यास. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू केला, वेलकम ट्रस्टच्या पैशातून. आपली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत वजन कमी असूनही चरबी त्या मानानं कमी नाही. पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाची आणि हृदयरोगाची पाळंमुळं पोटात असतानाच रुजतात, या विचाराला आपल्या मातीतला आधार इथून मिळाला.

क्रिएट नोंदणी. हार्ट अटॅक घेऊन दवाखान्यात आलेले २०,४६८ रुग्ण, ५० शहरांतली ८९ केंद्रं, निष्कर्ष २००८ साली. गरीब रुग्णांना उपचार कमी मिळतात आणि ३० दिवसांतले मृत्यू त्यांच्यात जास्त होतात, हे त्यात आकड्यांनिशी दिसलं.

कार्स अभ्यास. २०१० च्या सुमारास सुरू झाला, अमेरिकन पैशातून. जागा: दिल्ली, चेन्नई आणि कराची.

आता या जागा एकदा नजरेखालून घाला. दिल्ली, चेन्नई, पुण्याजवळची गावं, ५० शहरं. इंडियाबसारखं देशव्यापी सर्वेक्षण सोडलं तर संशोधन तिथेच जातं जिथे आधीचं संशोधन आहे. तिथे लॅब असते, प्रशिक्षित माणसं असतात, आधीच्या प्रकल्पाचा फ्रीझरही असतो. यात कोणाचं कारस्थान नाही, पाणी उताराकडेच वाहतं. प्रत्येक फंडर आपल्यापुरता शहाणपणाचाच निर्णय घेतो. पण असे डझनभर शहाणे निर्णय एकावर एक ठेवले की नकाशावर काही जागी चार-चार थर चढतात आणि काही जागी कागदच दिसत राहतो. कुठल्याही एका फंडरला तो कागद दिसत नाही, कारण त्याच्यासमोर फक्त स्वतःचा थर असतो.

गेवराईच का?

गेवराई हा बीड जिल्ह्याचा उत्तरेकडचा तालुका, गोदावरीच्या काठचा. सोलापूर-धुळे महामार्गानं छत्रपती संभाजीनगरहून बीडला जाताना लागतो. इतिहासाच्या पुस्तकात १७६३ ची राक्षसभुवनची लढाई वाचली असेल, ते राक्षसभुवन याच तालुक्यात. कापूस, ऊस, आणि दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या गाड्या.

हृदयाच्या संशोधकासाठी हा तालुका किती प्रश्नांनी भरलेला आहे, बघा.

पहिला प्रश्न स्थलांतराचा. रक्तदाबाची गोळी रोज आणि आयुष्यभर घ्यायची असते, महिन्याच्या महिन्याला नवी घ्यायची असते. ऊसतोड मजूर वर्षातले पाच-सहा महिने फडावर असतो. नाव गावाकडच्या आरोग्य केंद्रात, माणूस कोपीत, दोन-तीनशे किलोमीटरवर. नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता', मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, आणि खाडा झाला की पैसे कापले जाणार. गोळीसाठी दवाखान्यात जायचं म्हणजे खाडाच. अशा माणसाचा रक्तदाब डिसेंबरात किती असतो?

दुसरा प्रश्न बायकांचा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ साली मोठा गदारोळ झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यावर बोललं गेलं ते पिळवणुकीच्या आणि वैद्यकीय नीतीच्या अंगानं, आणि ते बरोबरच होतं. पण हृदयाच्या अंगानंही तो आकडा बोलतो. तरुण वयात शस्त्रक्रिया झाली आणि सोबत बीजाशयही काढलं गेलं तर पाळी अकाली जाते, आणि अकाली पाळी गेलेल्या बाईला पुढे हृदयरोगाचा धोका वाढतो, हे जगभरच्या अभ्यासांतून माहीत आहे. २०१९ साली पस्तिशीत असलेल्या बायका आता चाळिशी ओलांडताहेत. हृदयावर पैसा लावणाऱ्या कोणत्याही संस्थेला शोधूनही अशी वस्ती सापडणार नाही. पण ती पाहणी आरोग्य खात्याच्या कपाटात, आणि हृदयाचा पैसा दुसऱ्या कपाटात.

तिसरा प्रश्न अंतराचा. हार्ट अटॅक आल्यावर पहिला तास महत्त्वाचा, हे आपण व्हॉट्सअॅपवर दर आठवड्याला वाचतो. गेवराईहून छत्रपती संभाजीनगर नव्वद-शंभर किलोमीटर आहे. तासाचं गणित तुम्हीच करा. वाटेत, घरात, कोपीत गेलेला माणूस क्रिएटसारख्या नोंदणीत येतच नाही, कारण ती नोंद दवाखान्यात पोचलेल्यांची असते.

गेवराईत हृदयावर कुणी कधी काम केलंच नाही, असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं असं की कुणी केलं, कुणाच्या पैशानं केलं आणि त्याचं काय झालं, हे एका जागी बघायची सोय नाही. पुढचा फंडर पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात करणार. किंवा (जास्त शक्यता) तो तिकडे बघणारच नाही.

रिकाम्या रकान्यात डोकावलं की काय निघू शकतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पक्षाघात म्हणजे शहरी, सुखवस्तू माणसाचा आजार अशी समजूत होती. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी गावोगाव झालेल्या मृत्यूंची कारणं घरच्यांशी बोलून तपासली. २०१५ साली निष्कर्ष आले: मृत्यूचं सगळ्यात मोठं एकच कारण पक्षाघात, सुमारे १४ टक्के. आदिवासी, ग्रामीण, कष्टकरी जिल्हा. तिथे रकाना नल होता, आणि सगळे त्याला शून्य समजत होते.

याद्या आहेत, पण जोडता येत नाहीत

आता कोणी म्हणेल, सरकारकडे याद्या असतीलच की. आहेत! हीच तर गंमत आहे.

विज्ञान-तंत्रज्ञान विभाग १९९०-९१ पासून केंद्रीय संस्थांनी बाहेर दिलेल्या संशोधन प्रकल्पांची डिरेक्टरी छापत आलाय. जगात ओपन डेटाचा गवगवा सुरू होण्याच्या किती आधी! पण त्यात ट्रस्ट नाहीत, परदेशी पैसा नाही, कंपन्या नाहीत.

परदेशी पैशातून होणाऱ्या आरोग्य संशोधनासाठी आरोग्य मंत्रालयाची छाननी समिती असते आणि तिचं कामकाज आयसीएमआरमार्फत चालत आलंय. म्हणजे परदेशी फंडर्सचे प्रस्ताव एका टेबलावरून गेलेले आहेत.

क्लिनिकल ट्रायल्सची राष्ट्रीय नोंदणी, सीटीआरआय, २० जुलै २००७ ला सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून ट्रायलसाठी सक्तीची झाली. तिच्या फॉर्ममध्ये पैसा कोणाचा हा रकाना आहे आणि अभ्यासाची जागा कुठली हाही रकाना आहे. माझ्या मते आपल्याला हव्या असलेल्या टेबलाच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट हीच. अडचण अशी की हे रकाने मोकळ्या मजकुराचे आहेत. एकाच संस्थेचं नाव पाच जण पाच तऱ्हांनी लिहिणार.

सीएसआरचं राष्ट्रीय पोर्टल आहे. कंपनी, वर्ष, क्षेत्र, राज्य, जिल्हा, रक्कम असं सगळं त्यात दिसतं. कौतुक वाटावं असंच काम आहे. पण क्षेत्राच्या रकान्यात 'हेल्थ केअर' एवढंच. डोळ्यांचं शिबिर, अॅम्ब्युलन्स आणि हृदयावरचं संशोधन सगळं एकाच पोत्यात. आणि राज्याच्या रकान्यात 'पॅन इंडिया' नावाचा एक पर्याय आहे. ज्यानं कोणी हा पर्याय ड्रॉपडाउनमध्ये घातला त्याला माझा साष्टांग नमस्कार. पॅन इंडिया म्हणजे सगळीकडे, म्हणजे कुठेच नाही.

त्यात स्पेलिंग. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत बीडचं स्पेलिंग 'बी-आय-डी' आहे आणि गेवराईचं 'जी-ई-ओ-आर-ए-आय'. बाकीचं जग लिहितं 'बी-डबल-ई-डी' आणि 'जी-ई-व्ही-आर-ए-आय'. नावावर जॉइन मारलात की गेवराई गळालीच. आता तर औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालंय, म्हणजे जुन्या-नव्या याद्या जोडणाऱ्याची चैनच.

आणखी एक मेख. बहुतेक याद्यांत पत्ता संशोधन संस्थेचा असतो, अभ्यासातल्या माणसांचा नाही. दिल्लीच्या संस्थेनं बीडमध्ये काम केलं तर नकाशावर टाचणी दिल्लीत लागणार.

याद्यांचा दुसराही परिणाम आहे. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रानं आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात आले: नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि उस्मानाबाद. बीड नाही. अशी यादी हातात असली की सीएसआर कमिटीचं काम सोपं होतं, यादीतला जिल्हा निवडला की कोणी प्रश्न विचारत नाही. त्यात गैर काही नाही. पण फंडर्सना हीच एक यादी दिसत असेल तर शेजारचा जिल्हा कायम शेजारचाच राहणार.

दोन पैसे, दोन सिस्टिम

याद्या न जुळल्याचा परिणाम फक्त कागदावर राहत नाही. रक्तदाबाचंच घ्या. आयसीएमआर, जागतिक आरोग्य संघटना वगैरेंचा रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम २०१७-१८ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रातले पहिले जिल्हे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. त्यासाठी 'सिम्पल' नावाचं अॅप आलं, रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज या संस्थेचं, जिच्यामागे ब्लूमबर्ग, गेट्स आणि चॅन झुकरबर्ग यांचा पैसा होता. ओपन सोर्स आहे, आणि नर्सचा वेळ वाचवण्याचा इतका विचार फार कमी सॉफ्टवेअरमध्ये दिसतो. साधारण त्याच काळात आरोग्य मंत्रालयाचं असंसर्गजन्य आजारांचं अॅप आलं, डेल आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या मदतीनं. तेही चांगल्या हेतूनं. दोन्ही एकाच माणसाचा एकच रक्तदाब लिहून घेण्यासाठी, पण दोन वेगळ्या थैल्यांतून आलेली.

गेवराईचा ऊसतोड मजूर साताऱ्याच्या फडावर गेला तर तो एका व्यवस्थेच्या जिल्ह्यातून दुसऱ्या व्यवस्थेच्या जिल्ह्यात जातो. २०२१ साली आलेल्या डिजिटल आरोग्य ओळखपत्रानं हे कधीतरी जुळेल. पण पैसा देणाऱ्यांनी सुरुवातीलाच एकमेकांचे प्रकल्प टेबलावर ठेवले असते, तर हा प्रश्न नंतर आयडी जुळवून सोडवायची वेळ आली नसती. इंजिनिअरांना हे वेगळं सांगायला नको: इंटिग्रेशन शेवटच्या स्प्रिंटमध्ये ठेवलं की काय होतं.

कॅन्सरवाल्यांनी केलं

हे होऊ शकत नाही, असं मात्र नाही. कॅन्सर संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिका आणि ब्रिटनमधल्या संस्था २००० साली एकत्र आल्या. इंटरनॅशनल कॅन्सर रिसर्च पार्टनरशिप हे त्या गटाचं नाव. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, सगळ्यांनी मिळून विषयांची एकच वर्गवारी मान्य केली. दोन, आपापली अनुदानं त्या वर्गवारीत बसवून एका डेटाबेसमध्ये टाकली. पुढे इतर देशांतल्या संस्था येत गेल्या. मग कुठल्या कॅन्सरवर गर्दी आहे आणि कुठला ओसाड पडलाय, हे दिसायला लागलं.

ब्रिटननं तर सगळ्याच आरोग्य संशोधनासाठी एक वर्गवारी केली. २००४-०५ च्या अनुदानांपासून सरकारी संस्था आणि धर्मादाय संस्था एकत्र मोजून अहवाल निघतात. त्यात हृदय आणि रक्तवाहिन्या हा वेगळा रकाना आहे. आजाराचा भार किती आणि त्यावर पैसा किती, हे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. ब्रिटिश हार्ट फाउंडेशनसारख्या, लोकांच्या देणगीवर चालणाऱ्या संस्थेनं आपली वही उघडली म्हणून तिची देणगी आटली नाही.

मग आपण काय करायचं?

मोठं पोर्टल नको. पोर्टल म्हटलं की टेंडर, टेंडर म्हटलं की उद्घाटन, आणि उद्घाटनानंतर सेशन एक्स्पायर्ड. एक साधी सीएसव्ही फाइल पुरे. प्रत्येक फंडरनं वर्षातून एकदा काढायची. रकाने दहा:

१. पैसा देणारी संस्था
२. प्रकल्पाचं नाव
३. रक्कम
४. सुरुवातीचं आणि शेवटचं वर्ष
५. विषय, एका मान्य वर्गवारीतला कोड
६. संशोधन करणारी संस्था
७. प्रत्यक्ष जागा, तालुक्याच्या कोडसह
८. कोणाचा अभ्यास: वय, स्त्री-पुरुष, काम काय करतात
९. निष्पन्न काय झालं. 'काही निघालं नाही' आणि 'मध्येच बंद पडलं, कारण अमुक' हेही
१०. मूळ डेटा कोणाकडे आहे आणि तो मागायची पद्धत

सातव्या रकान्यासाठी कोड नव्यानं बनवायची गरजच नाही. पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत जिल्ह्यापासून गावापर्यंत सगळ्यांना कोड दिलेले आहेत. स्पेलिंगचा झगडा तिथेच संपतो. आणि 'पॅन इंडिया' हा पर्याय या फाइलमध्ये नसेल. देशभर काम केलं असेल तर देशभरातले तालुके लिहा!

आठवा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो. 'काम काय करतात' हे लिहिलं गेलं तर ऊसतोड मजूर हा शब्द कुठल्याच ओळीत आहे की नाही, हे दहा सेकंदांत कळेल.

आता आक्षेप.

'यादी दिली की प्रायव्हसी जाते.' या दहा रकान्यांत एकाही पेशंटचं नाव नाही. सरकारी पैशाचा हिशोब तर २००५ च्या माहिती अधिकारानं मागताही येतो. प्रायव्हसीचं कारण इथे लागू होत नाही.

'अपयश जगाला दिसेल.' दिसेल. नववा रकाना भरायला कोणालाच आवडणार नाही, हे मान्य. पण फसलेला प्रयोग लपवला की तोच प्रयोग दुसरा फंडर पुन्हा पैसे घालून करतो. आपण प्रॉडक्शन फुटल्यावर पोस्टमॉर्टेम लिहितो ते कोणाला फाशी देण्यासाठी नाही.

'खरं संशोधन पैशाच्या यादीत नसतंच.' या आक्षेपात दम आहे. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात होते. विंचवाचं विष हृदयावर आणि फुप्फुसांवर कसं हल्ला करतं हे त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून टिपलं. १९८२ साली ते 'लॅन्सेट'मध्ये आलं, आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधानं त्यांनी असंख्य जीव वाचवले. २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्यामागे कोणतं मोठं अनुदान नव्हतं. बीड जिल्ह्यातच अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत एमडी करणारा प्रत्येक विद्यार्थी प्रबंध लिहितो, परिसरातल्याच रुग्णांवर. ते काम कुठल्याच फंडरच्या यादीत नसतं. म्हणून यादी पुरेशी नाही, हे खरं. पण फंडरला आपली यादी रिकामी दिसली तरच तो अंबाजोगाईला फोन करून विचारेल ना, की तुमच्याकडे काय आहे? आज त्याला तेवढंही दिसत नाही.

'यादीनं पैसा येत नाही.' नाही येत. पण स्थानिक पैसाही असतो, आणि त्याला दिशा लागते. ऊसतोड कामगारांसाठी राज्यानं गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ काढलंय, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलं. उद्या या महामंडळानं ठरवलं की मजुरांच्या हृदयाकडे बघूया, तर आयसीएमआरनं काय केलंय, परदेशी पैशातून काय झालंय, कोणत्या गोष्टी पुन्हा करायची गरज नाही, हे त्यांनी कोणाला विचारायचं?

एका कपाटावर विसंबलं की काय होतं तेही नुकतंच दिसलं. आपला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून जिल्हावार आकडे देतो, रक्तदाबाचेही. त्याचा मूळ डेटा जगभरचे अभ्यासक ज्या अमेरिकन कार्यक्रमाच्या साइटवरून उतरवून घ्यायचे, त्याचा पैसा फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकन सरकारनं बंद केला. नव्या अभ्यासकांची नोंदणी थांबली. सर्व्हे आपला, माणसं आपली, गोवंडीच्या आपल्या संस्थेनं केलेलं काम, आणि दाराची किल्ली वॉशिंग्टनच्या बजेटमध्ये. नंतर दुसऱ्या फंडरनं तात्पुरता टेकू दिला. पण दहावा रकाना मला का हवा आहे, ते यावरून कळावं.

आता राहिला प्रश्न, शनिवारी हे वाचणाऱ्या आपण काय करायचं. आपल्यापैकी बरेच जण अशा कंपन्यांत आहेत ज्यांना दर वर्षी नफ्यातला वाटा सीएसआरवर खर्च करावा लागतो. त्या कमिटीत आपल्याच ओळखीचं कोणी बसलेलं असतं. त्यांना झाडं लावायचा फोटो पाठवण्याऐवजी एक ईमेल पाठवा: आपण आरोग्यावर जो पैसा दिला तो कुठल्या आजारावर, कुठल्या तालुक्यात, आणि त्यातून काय कळलं? उत्तर आलं तर ते पोर्टलवर तसंच लिहायला सांगा. आणि ज्यांना दोन वीकेंड मोकळे आहेत त्यांच्यासाठी: सीटीआरआयमधल्या हृदयाच्या नोंदी, त्यातल्या फंडर्सची नावं एकसारखी करणं आणि जागांना तालुक्याचे कोड लावणं, हे आपल्याला जमण्यासारखं काम आहे. डाव्या बाजूला महाराष्ट्रातले सगळे तालुके घ्या. लेफ्ट जॉइन लावा. गेवराईसमोर काय येतं ते आधी बघू, आणि नल आला तर त्याला शून्य म्हणायचं नाही एवढं तरी पाळू.